न तुटलेल्या सीलचा जबाब

मी सील बोलतोय. लाखेचं नव्हे, आणि कुरिअरवाले पाकिटाला अडकवतात ते प्लास्टिकचं तर नव्हेच नव्हे. त्या मंडळींशी माझं नातं लावू नका, मला आवडत नाही. मी धातूचा आहे, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा, दोन चपट्या वाट्या एकमेकींत घट्ट बसवून केलेला. अणुइंधन ज्या पेट्यांत आणि खोल्यांत ठेवतात तिथे माझी नेमणूक असते.

माझी गरज का पडली ते ऐका, म्हणजे माणूस नावाच्या प्राण्याबद्दल तुमचंही मत माझ्यासारखंच होईल. देशोदेशीच्या सरकारांनी एकमेकांना शब्द दिलेला आहे, की आमच्याकडचं हे इंधन आम्ही विजेसाठी आणि संशोधनासाठीच वापरू, बॉम्बसाठी नाही. शब्द देणारे आणि घेणारे एकमेकांना पुरते ओळखून असल्यामुळे कोणाचाच कोणावर विश्वास बसला नाही. मग मध्ये एक आंतरराष्ट्रीय संस्था आली. संस्थेने निरीक्षक नेमले. आता निरीक्षक म्हणजे माणसंच, ती काही वर्षभर पेटीशेजारी स्टूल टाकून बसणार नाहीत, म्हणून त्यांनी मला नेमलं. करार काय, ठराव काय, सह्या काय, आणि सगळ्याच्या शेवटी राखणीला कोण, तर एक बटण. मला तर हसूच येतं.

माझा जन्म एका कारखान्यात, यंत्राच्या एका दणक्यासरशी झाला. त्याच दुपारी माझ्याबरोबर आणखी पाचेक हजार जन्मले, त्यामुळे कौतुक वगैरे काही झालं नाही. पण संस्थेच्या मुख्यालयात आल्यावर आमचं नशीब फळफळलं. तिथल्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ बाई होत्या. त्या एकेकाच्या पोटात वितळलेल्या कथलाचा थेंब सोडायच्या आणि तो थिजला की त्यावर सुईने मनाला येतील तसे ओरखडे काढायच्या. काढताना त्यांचं निम्मं लक्ष खिडकीबाहेर असायचं, म्हणूनच कोणा दोघांचे ओरखडे कधी सारखे यायचे नाहीत. मग त्या पोटाचा फोटो काढून पाठीवरच्या नंबराबरोबर जपून ठेवायचा. उद्या कोणी माझी नक्कल बनवली, पाठीवर माझाच नंबर कोरला, तरी पोटातले ओरखडे कुठून आणणार? तुम्हा माणसांचं पोट असं उघडून बघायची सोय नाही, म्हणून तुमच्यात एवढे घोटाळे होतात.

माझं काम तसं सोपं. पेटीच्या झाकणाला एक कडी असते, पेटीच्या अंगाला एक. दोन्हींतून तार ओवायची, तारेची दोन्ही टोकं माझ्या पोटात घेऊन गाठ मारायची, आणि माझ्या वाट्या दाबून बंद करायच्या. टक्क असा आवाज होतो. त्यानंतर पेटी उघडायची तर तार कापा नाहीतर मला फोडा, तिसरा रस्ता नाही. असं आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही डब्यात पडल्या पडल्या त्यावर फुशारक्या मारायचो. कुलुपांना तर आम्ही खिजगणतीत धरत नव्हतो. किल्ली दाखवली की कोणाचीही होणारी जात ती.

मला ज्यांच्या ताब्यात दिलं त्या वरिष्ठ निरीक्षक होत्या. बावीस वर्षांची नोकरी, बारीक कापलेले पांढरे केस, जाड तळव्यांचे बूट. कचेरीत त्यांच्या माघारी सगळे त्यांना फेरीबाई म्हणायचे, कारण कुठलीही वस्तू असो, तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. नकाशात दार दाखवलंय एवढ्याने त्यांचं भागायचं नाही, त्या दारापलीकडे जाऊन यायच्या. त्यांचे यजमान म्हणायचे, हिने फ्रिज घेतला तोही मागून बघून घेतला, लग्नाच्या वेळी मला कसं सोडलं कोण जाणे. कचेरीतले लोक या फेऱ्यांची नक्कल करून हसायचे, आणि अहवालात कुठे अडलं की त्यांच्याच टेबलापाशी येऊन उभे राहायचे.

निरीक्षक एकटे कुठे जात नाहीत. त्यांच्याबरोबर एक सहकारी असायचे, वजनं-मापं करणारे, म्हणून मी त्यांचं नाव तराजू ठेवलं. कामाला चोख माणूस. फक्त मत विचारलं की आधी कोणत्या बाजूला कोण बसलंय ते बघायचे आणि मग मत द्यायचे.

माझी नेमणूक एका संशोधन केंद्रात होती. तिथे फाटकावर फोन काढून घेतात, एका कप्प्यात ठेवतात आणि कप्प्याची चावी हातात देतात. त्या दिवशी फोन देण्याआधी फेरीबाई बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो, सगळं ऐकलं. त्यांच्या सासूबाई आदल्या दिवशी बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि अकरा वाजता ऑपरेशन होतं. यजमान धीर देत होते, पण एकच वाक्य तीनतीनदा बोलत होते. "आई सारखी तुझंच नाव घेतेय," ते म्हणाले. "म्हणते, ती असती तर डॉक्टरला चार प्रश्न विचारले असते." फेरीबाईंनी सांगितलं, आत फोन नेता येत नाही, बाहेर आले की पहिला तुम्हालाच करते. मग फोन कप्प्यात गेला.

तळघरात भांडाराची खोली होती. पायांत कापडी मोजे चढवायचे, अंगात पांढरा कोट घालायचा, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला लावायचा. एवढा थाट करून आत गेलं की दिसायचं काय, तर भिंतीला पाठ लावून ठेवलेली कमरेइतक्या उंचीची एक लोखंडी पेटी. पेटीत पोलादाचे चाळीस डबे, डब्यांत युरेनियमची पूड. या खोलीचे स्टोअरकीपर म्हणजे एक साठीकडे झुकलेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणायचे. तराजू एकेका डब्याचं वजन करायचे, फेरीबाई नंबर वाचायच्या, काका आपल्या यादीवर खूण करून डबा पेटीत ठेवायचे. शेवटचे डबे नीट लावायला काका पेटीत खोल वाकले. वाकलं की चष्मा नाकावरून घसरत होता, तर त्यांनी तो काढून आतच एका डब्याच्या झाकणावर ठेवला. डबे लागले, काका सरळ झाले, झाकण खाली आलं. चष्मा आत राहिला. मी फेरीबाईंच्या हातात होतो, मला दिसलं. तिथे जमलेल्या तिन्ही हुशार माणसांना दिसलं नाही.

मला लावण्याआधी एक तक्ता भरायचा असतो. बारा रकाने, प्रत्येकापुढे खूण करायची. अकरावा रकाना असतो, पेटी चारही बाजूंनी पाहिली. फेरीबाईंनी तीन बाजू पाहिल्या, वाकून तळ पाहिला, आणि काकांना विचारलं की मागे काय आहे.

"मागे भिंत आहे, मॅडम," काका म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं. मागे भिंत होतीच. काकांनी हेही सांगितलं, की बघायची असेल तर फोर्कलिफ्टने ओढून घेऊ, ड्रायव्हर जेवायला गेलाय, वीस मिनिटांत येईल. फेरीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजून गेले होते. अकराचं ऑपरेशन, म्हणजे एव्हाना काय ते होऊन गेलं असणार, आणि फोन फाटकावरच्या कप्प्यात. त्यांनी पेन उचललं आणि अकराव्या रकान्यात खूण केली. बावीस वर्षं ज्या फेरीसाठी लोक त्यांना हसत होते, ती फेरी त्यांनी त्या एका दिवशी मारली नाही.

मला त्या वेळी काय वाटलं ते खरं सांगतो. मला मजा वाटली. मोठी फेरीबाई म्हणे, आणि एका फोनापायी ढेपाळली. माझी तार ओवली गेली, टक्क आवाज झाला, मी ताठ झालो. पेटीच्या मागे बिजागऱ्या आहेत की भिंत आहे की आणखी काय आहे, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. माझं कर्तव्य न तुटणं. सहीसाठी कागद पुढे आला तेव्हा काकांनी शर्टाचा खिसा चाचपला, पॅंटचे दोन्ही खिसे चाचपले, आणि जिथे फेरीबाईंनी बोट ठेवलं तिथे अंदाजाने सही केली. मग सगळे निघून गेले.

पुढचे दहा दिवस काकांनी जुन्या, एक काच तडकलेल्या चष्म्यावर काढले. सकाळी आले की पेटीसमोर उभे राहून माझ्याकडे बघत बसायचे. आता चष्मा मागायचा कसा? केंद्राने संस्थेला पत्र लिहायचं, पत्रात कारण द्यायचं, संस्थेने विचार करायचा, दोन निरीक्षक विमानाने यायचे, मला कापायचं, चष्मा काढायचा आणि नवं सील लावायचं. आणि पत्रात कारण काय, तर आमच्या स्टोअरकीपरचा चष्मा युरेनियमबरोबर सीलबंद झाला. नोकरीभर नेकीने डबे सांभाळलेला माणूस, लाजेने अर्धमेला झाला. त्याने कोणालाच सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी काकांनी झाडण्याच्या निमित्ताने फोर्कलिफ्टवाल्याकडून पेटी भिंतीपासून ओढून घेतली. तो गेल्यावर मागून हातोडीचे बेताचे ठोके ऐकू आले. बिजागऱ्यांच्या पिना बाहेरूनच निघत होत्या. ज्याने पेटी बनवली त्याच्या अकलेचे वाभाडे मी नंतर सवडीने काढले. काकांनी पिना काढल्या, झाकणाखाली पहार घातली, आणि झाकणाची मागची कड वर उचलली. झाकण पुढे माझ्या तारेवर कललं. म्हणजे लक्षात घ्या, माझ्यासारख्या नामांकित सीलला त्या माणसाने बिजागरी करून टाकलं. त्या फटीतून हात घालून त्याने चष्मा काढला, कोटाला पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि चाळीस डबे बोटाने मोजून झाकण जसं होतं तसं बसवलं. पेटी पुन्हा भिंतीला लागली. मला ओरखडासुद्धा आला नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं गेली. दर वर्षी कोणीतरी निरीक्षक यायचे. कधी जाडे, कधी बारीक, कधी विमानात झोप न झालेले. येऊन काय करायचे, तर माझा नंबर वाचायचे, तार दोन बोटांनी ओढून बघायचे, आणि कागदावर लिहायचे की सील शाबूत, आतला माल जागच्या जागी. आतला माल कोणी पाहिला? कोणीच नाही. पण मला पाहिलं की त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान यायचं की मलाही आपण फार थोर आहोत असं वाटू लागलं. पेटी ओढून मागे बघू, असं कोणाला सुचलं नाही. फेरीबाईंनी खूण केलीय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. माणसाला चांगलं नाव मिळालं, की त्याची चूकही त्या नावावर खपून जाते.

तिसऱ्या वर्षी मला बदलायची मुदत आली, आणि त्यासाठी खुद्द फेरीबाई आल्या. बरोबर तराजू होतेच. योगायोग असा की त्या आठवड्यात भांडाराला रंग चालू होता, आणि पेटी खोलीच्या मध्यावर आणून ठेवली होती. केंद्राचे व्यवस्थापक स्वतः खाली आले होते. या साहेबांचं हसू चेहऱ्यावर कायम असायचं, म्हणून मी त्यांना हसरे साहेब म्हणतो. पुढच्या महिन्यात मॅडम विभागप्रमुख होणार असं ऐकतोय, अभिनंदन, असं ते हसत म्हणाले. फेरीबाईंनी मान हलवली, माझा नंबर वाचला, तार ओढून पाहिली, आणि सवयीने पेटीभोवती फिरायला लागल्या. मागच्या बाजूला गेल्यावर त्यांचे बूट थांबले.

बराच वेळ त्या तिकडून आल्या नाहीत. पिनांच्या डोक्यांवरचा रंग उडाला होता, आतलं लोखंड चकाकत होतं, आणि एक पीन उलटी बसली होती. त्यांनी तराजूंना बोलावलं. तराजू खाली वाकून बघून आले. हसरे साहेब म्हणाले, रंगवाल्यांनी हलवताना घासलं असेल. उलट्या पिनेचं मात्र त्यांना काही सुचलं नाही. काका दाराशी उभे होते. त्यांनी नाकावरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. फेरीबाईंनी सगळ्यांना एकदाच विचारलं की पेटी कधी उघडली होती का. कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही.

मग त्यांनी माझी तार कापली, मला पारदर्शक पाकिटात घातलं आणि सांगितलं की चाळीसच्या चाळीस डबे पुन्हा मोजायचे. वजन आणि किरणांचं माप, दोन्ही. हसऱ्या साहेबांचं हसू जरा आखडलं, कारण यात तीन दिवस जाणार होते आणि केंद्राचं काम थांबणार होतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दोन दिवस मोजणी चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या टेबलावर तराजूंनी विषय काढला. मी पाकिटातून ऐकत होतो. ते म्हणाले, डबे तर सगळे बरोबर निघताहेत, मग अहवालात नेहमीची फेरमोजणी एवढंच लिहू. पिनांचं लिहिलं तर तीन वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर येणार, अकराव्या रकान्यावर येणार, आणि ती खूण कोणाची आहे ते सगळ्यांना माहीत आहे. "तुम्ही कोणाचं नुकसान केलंय? कोणाचंच नाही," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुमचं नाव जाहीर होतंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?" बोलताना ते खरंच कळवळून बोलत होते. हे पद फेरीबाईंना मिळालं नाही तर कोणाला मिळणार, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते बोलले. तेवढ्यापुरता मला माणूस बरा वाटला.

संध्याकाळी फाटकावर फोन हातात आल्यावर फेरीबाईंनी गाडीत बसून घरी लावला. यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बघ बाई तुला काय वाटतं ते, मला त्यातलं कळत नाही. पण फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. खुबा बसवून तीन वर्षं झाली होती आणि त्या काठी न घेता घरभर फिरून सगळ्यांना सळो की पळो करत होत्या.

"त्या दिवशी तू घाई केलीस ती माझ्या ऑपरेशनपायी ना?" त्या म्हणाल्या. "मग ते माझ्या नावावर नको हं राहायला. डॉक्टर चांगले होते, तुझं तिथे काही अडलं नव्हतं. जे केलंस ते लिहून मोकळी हो."

यजमान मध्येच आई, आई करत होते. फेरीबाई हसल्या की रडल्या ते मला पिशवीतून कळलं नाही. मला वाटलं, म्हातारीला काय जातंय बोलायला. तिचं पद थोडंच जाणार आहे. या बाई आता घरच्यांचं ऐकून जन्मभराच्या कमाईवर पाणी सोडणार, आणि तेही कशासाठी, तर एका खुणेसाठी. मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात मूर्खात काढलं. आजवर मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यांत शहाणे तराजूच, असं माझं ठाम मत होतं.

तिसऱ्या दिवशी शेवटची बैठक होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला केंद्राचे लोक, दुसऱ्या बाजूला हे दोघे. मध्ये पाकिटात मी. चाळीस डबे तंतोतंत बरोबर निघाले होते. हसऱ्या साहेबांचं हसू पूर्ववत झालं होतं. काकांना यादीवर सही करायला बोलावून घेतलं होतं, ते टेबलाच्या टोकाशी उभे होते.

फेरीबाईंनी अहवाल वाचायला घेतला. आवाज नेहमीसारखाच, ना वर ना खाली. सील शाबूत. डबे पूर्ण. आणि मग त्यांनी वाचलं, की पेटीच्या मागच्या बिजागऱ्या बाहेरून काढता येतात, त्यामुळे सील न तोडता पेटी उघडणं शक्य होतं. सील लावताना मागची बाजू पाहिली नव्हती, तरीही पाहिल्याची खूण केली. खूण करणारी निरीक्षक मी. गेल्या तीन वर्षांतल्या तपासण्यांना या पेटीपुरता काही आधार नाही.

हसरे साहेब हळूच म्हणाले, मॅडम, आमची काही तक्रार नाही, तुमचीही नसावी, हा परिच्छेद गाळून टाका की. फेरीबाईंनी कागद सही करून त्यांच्यापुढे सरकवला.

"पेटी मी उघडली होती," काका म्हणाले.

सगळ्या माना टेबलाच्या टोकाकडे वळल्या. काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा आत राहिला होता. मॅडम गेल्या आणि अकराव्या दिवशी मी मागून पिना काढल्या. डब्यांना हात लावला नाही. सांगायची लाज वाटली. आज मॅडम स्वतःचं वाचायला लागल्या, मग मला गप्प उभं राहवेना."

हसऱ्या साहेबांच्या चेहऱ्यावर हसू नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तसा तो चेहरा फारच सामान्य होता. फेरीबाईंनी काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, त्यांचा जबाब शब्दन् शब्द उतरवून घेतला, वाचून दाखवला, आणि सहीच्या ओळीवर बोट ठेवायला गेल्या. काकांनी चष्मा लावला आणि म्हणाले, दिसतंय मला.

पुढचं थोडक्यात सांगतो. काकांची बदली झाली, कागद आणि पेनं ठेवतात त्या भांडारात. विभागप्रमुख तराजू झाले. सध्या ते प्रत्येक बैठकीत प्रामाणिकपणावर बोलतात, आणि चांगलं बोलतात. फेरीबाईंना नव्या निरीक्षकांना शिकवायला बसवलं. कचेरीत काही दिवस कुजबुज झाली, की एवढी मोठी बाई आणि असं कसं केलं. काही म्हणाले, केलं तर केलं, लिहायचं कशाला. यात हळहळ कमी आणि गुदगुल्या जास्त होत्या.

मला मुख्यालयाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या फेरीबाईंनी चिंधड्या करून घेतल्या होत्या, एका सच्च्या माणसाची शेवटची वर्षं अडगळीत गेली होती, आणि मला मात्र एकाच गोष्टीची ओढ होती. माझं पोट उघडलं गेलं, ओरखडे फोटोशी ताडून पाहिले गेले, आणि माझ्या कागदावर ते वाक्य लिहिलं गेलं ज्यासाठी प्रत्येक सील जगतं. सील अस्सल. छेडछाड आढळली नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते हातात आलं, आणि मला त्याचा आनंद होईना. आधी वाटलं, पोट उघडल्यामुळे असेल.

खरं तर माझ्यासारख्यांना नंतर वितळवतात. फेरीबाईंनी मला मागून घेतलं. आता मी शिकवणीच्या खोलीत असतो. दर तुकडीला त्या पेटीचा फोटो दाखवतात, अकरावा रकाना दाखवतात, ती खूण आपणच केली असं सांगतात, आणि मला हातोहात फिरवतात. मागच्या तुकडीत एका मुलीने विचारलं, मॅडम, डबे तर सगळे बरोबर निघाले, मग लिहिलं नसतं तर काय बिघडलं असतं?

"डबे बरोबर आहेत हे मला मोजल्यावर कळलं," फेरीबाई म्हणाल्या. "त्याआधी तीन वर्षं मी ते न बघता जगाला सांगत होते."

मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मी तिच्या तळहातावर होतो आणि मला प्रथमच कोणाच्या हातात असल्याची शरम वाटली.

कारण मला माहीत होतं. मोजायची गरजच नव्हती, मी तिथे होतो. चष्मा आत जाताना पाहिला, फेरी चुकलेली पाहिली, हातोडीचे ठोके ऐकले, झाकणाचं वजन माझ्या तारेवर पेललं. आणि दर वर्षी निरीक्षक समोर वाकले की मी त्यांना माझी न तुटलेली पाठ दाखवली. मला बोलता येत नाही म्हणाल तर आत्ता हे कोण बोलतंय? एकीचं पद पणाला लागलं होतं, एकाची नोकरी, तरी ती दोघं बोलली. माझं जाण्यासारखं काही नव्हतं, होता तो फक्त तोरा, आणि मी तोच धरून बसलो. ज्यांना मी इतका वेळ नावं ठेवली, त्यांच्यात आणि माझ्यात एवढाच फरक निघाला.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. माझ्यासारखा कोणी न तुटलेला, न डागाळलेला, नंबर मिरवणारा तुमच्यासमोर आला, तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका. त्याच्या मागे जाऊन बघा. वीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

फेरीबाईंना शिक्षा झाली, काकांना झाली. मला कोणी काही केलं नाही. मी तुटलो नव्हतो ना.